अस्सल गाडी कोणती? युरोपच्या अभिजात मोटारींच्या जतनाचा वाद

२०२२च्या मे महिन्यात श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात निवडक निमंत्रितांसमोर झालेल्या लिलावात १९५५ सालची ‘३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे’ १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. मोटारीला लिलावात मिळालेली ही आजवरची सर्वांत मोठी किंमत. अशी बातमी आली की चर्चा आकड्याभोवती फिरते आणि श्रीमंतांचे चोचले म्हणून संपते. त्या आकड्याखाली दडलेला प्रश्न मात्र श्रीमंतांपुरता नाही. साठ, सत्तर, नव्वद वर्षे धावलेल्या, ठोकर खाल्लेल्या, पुनःपुन्हा दुरुस्त झालेल्या यंत्राला अस्सल कधी म्हणायचे आणि ते ठरवायचे कोणी? या कूपेच्या बाबतीत तो उद्भवला नाही, कारण अशा दोनच गाड्या बनल्या आणि दोन्ही तोवर कारखान्याच्याच ताब्यात होत्या. बाकी जवळजवळ प्रत्येक मोठ्या गाडीच्या बाबतीत तो उद्भवतो, आणि गेल्या काही दशकांत न्यायालये, आंतरराष्ट्रीय महासंघ, खुद्द कारखाने आणि सरकारे यांनी त्यावर आपापली उत्तरे दिली आहेत. माझे म्हणणे आधीच नोंदवून ठेवतो. ‘हिच्यात जुने किती उरले’ आणि ‘ही तीच गाडी आहे का’ हे दोन निराळे प्रश्न या वादात सतत एकमेकांत मिसळले जातात. ते वेगळे केले तर पुष्कळ भांडणांचा गुंता सुटतो. सगळ्यांचा सुटत नाही, हेही पुढे दिसेल.

सांगाडा एकाचा, अंग दुसऱ्याचे

या वादाचे मूळ मोटारी कशा बनत त्यातच आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रोल्स-रॉइस किंवा बेंटली विकत घेणे म्हणजे कारखान्याकडून चासी, इंजिन आणि चाके घेणे. वरची बॉडी हूपर, बार्कर, मुलिनर, गर्नी नटिंग अशा स्वतंत्र कारागिरांच्या पेढ्या गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे बांधून देत. रोल्स-रॉइस-बेंटली घराण्याने स्वतःची ठरावीक पोलादी बॉडी द्यायला सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६च्या बेंटली मार्क सिक्सपासून. तोवर मालक बदलला किंवा फॅशन बदलली की जुनी बॉडी उतरवून त्याच चासीवर नवी चढवणे यात कोणालाच काही वावगे वाटत नसे. पुढच्या काळात बंद, गंभीर लिमोझिनच्या बॉड्या काढून टाकून त्या जागी उघड्या टूरर बॉड्या बसवल्या गेल्या, कारण उघड्या गाडीला मागणी जास्त. अशा गाडीची ‘मूळ’ बॉडी कोणती, हा प्रश्न विचारायला सोपा आणि सोडवायला अवघड आहे.

शर्यतीच्या गाड्यांचे तर विचारूच नका. त्या हत्यारासारख्या वापरल्या जात. फेरारी २५० जीटीओ आज संग्राहकांच्या जगातली सर्वांत मानाची गाडी. त्या काळच्या नियमानुसार जीटी गटात उतरायला १०० गाड्या बांधणे आवश्यक होते. फेरारीने ही जुन्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती असल्याचे सांगून मान्यता मिळवली आणि १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटर इंजिनाच्या फक्त ३६ बांधल्या. हंगाम संपला की गेल्या वर्षीची गाडी जुनी ठरे. तिच्यावर नवी बॉडी चढे, तिचे इंजिन दुसरीत जाई, नाहीतर ती मामुली किमतीला कुणा हौशी चालकाला विकली जाई. पुढे कोणी तिच्या प्रत्येक रिव्हेटची चौकशी करील, हे तिथल्या मेकॅनिकच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून नोंदी अपुऱ्या आहेत, आणि म्हणूनच आजचे वाद आहेत.

संग्रह सुरू झाले तेव्हाही हेतू सरळ नव्हते. फ्रान्समधल्या मुलूझचे कापड गिरणीवाले श्लुम्फ बंधू यांनी गुपचूप शेकडो मोटारी जमवल्या. बुगाटीचे तर त्यांना वेडच होते. गिरण्या बुडाल्या, १९७७मध्ये कामगारांनी संग्रहाच्या इमारतीचा ताबा घेतला आणि आत काय आहे ते जगाला कळले. थकलेल्या पगाराच्या रागातून उघड झालेला तो साठा फ्रेंच सरकारने ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षित केला. आज ते तिथले राष्ट्रीय मोटार संग्रहालय आहे. मोटार ही केवळ खासगी मालमत्ता नाही, समाजाचा ठेवाही असू शकते, हे राज्यसंस्थेने इतक्या ठळकपणे मान्य केल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण.

नव्यासारखी, की आहे तशी

पहिली मोठी भूमिका संपूर्ण नूतनीकरणाची. कॅलिफोर्नियातले पेबल बीचचे प्रदर्शन १९५०मध्ये सुरू झाले आणि हळूहळू युरोपीय अभिजात गाड्यांचे सर्वांत प्रतिष्ठेचे व्यासपीठ बनले. तिथे जिंकण्यासाठी गाडी शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडायची, प्रत्येक भाग साफ करायचा किंवा नवा घडवायचा, रंगाचे थरावर थर द्यायचे, असा रिवाज पडला. या पक्षाची बाजू हलकी नाही. गंजलेला पत्रा आपोआप थांबत नाही. कुजलेली लाकडी चौकट बॉडीचे वजन पेलत नाही. आणि कारागिराने गाडी बांधली तेव्हा ती चकचकीतच होती, मग त्याच्या हातची मूळ कल्पना दाखवायची तर तीच दाखवायला नको का? शिवाय या मागणीमुळेच ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून वळवण्याची, तारेच्या चाकांची, चामड्याच्या गाद्यांची विद्या जिवंत राहिली. अडचण अशी की स्पर्धेच्या ओढीने गाड्या कारखान्यातून निघाल्या होत्या त्याहूनही गुळगुळीत होऊ लागल्या. जुन्या दगडी देवळाला ऑइलपेंट फासल्यावर ते स्वच्छ दिसते, पण दगडावरच्या छिन्नीच्या खुणा जातात. तसेच काहीसे इथे झाले.

दुसरी भूमिका त्याच्या उलट: गाडी एकदाच मूळ असते, तेव्हा हात लावू नका. फिलाडेल्फियाचे मेंदूशल्यविशारद फ्रेड सिमिओनी यांनी शर्यतींत धावलेल्या गाड्या शक्यतो जशाच्या तशा राखणारे संग्रहालय उभारले आणि त्या विचाराची मांडणी करणारे पुस्तकही काढले. २०१२मध्ये ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, तोरिनो सनद तयार केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा हा मोटारींसाठीचा अवतार. कमीत कमी हस्तक्षेप, केलेला बदल शक्यतो परतवता येण्याजोगा, नवा भाग ओळखता येईल असा आणि प्रत्येक कामाची नोंद, ही तिची सूत्रे. गाडी चालवणे हाही जतनाचाच भाग आहे, असेही सनद मानते. हे लक्षात ठेवण्याजोगे, कारण ‘आहे तशी’वाल्यांना लोक काचेच्या कपाटाचे पुजारी समजतात.

बाजारानेही दिशा बदलली. २०१५च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये बायों संग्रह लिलावाला आला तेव्हा पश्चिम फ्रान्समधल्या शेडांत कित्येक दशके पडून राहिलेल्या गाड्या धूळ न झटकता मांडल्या गेल्या. एकेकाळी अभिनेता आलँ दलों याच्याकडे असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर त्यातच होती. तिला १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किंमत आली. त्याआधी २०१०मध्ये तर लागो माज्जोरे या सरोवराच्या तळातून वर काढलेल्या बुगाटी ब्रेशियाच्या गंजक्या अवशेषाला २,६०,५०० युरो मिळाले. ती गाडी चालणे शक्यच नव्हते आणि नव्या मालकाने ती तशीच प्रदर्शनात ठेवली. शेवटी २०२४मध्ये खुद्द पेबल बीचचा सर्वोच्च मान जतन गटातल्या गाडीला पहिल्यांदा मिळाला: १९३४ची बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स. आता गंमत पाहा. ‘जपलेली’ म्हणून गौरवलेली ही गाडी ग्रां प्री शर्यतीसाठी बांधलेली. स्पोर्ट्स गाडीचे रूप तिला नंतर कारखान्यातच दिले गेले आणि पुढे ती बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेली. म्हणजे तिच्यात जपले गेले आहे ते जन्माच्या क्षणाचे रूप नव्हे, तर आयुष्याच्या एका टप्प्याचे. कोणता टप्पा जपायचा हा निर्णय ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांनाही टाळता येत नाही.

न्यायालयात गेलेली बेंटली

तिसरी भूमिका सर्वांत स्पष्टपणे मांडली ती एका इंग्रज न्यायाधीशाने. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. त्यानंतरही ती धावत राहिली, बदलत राहिली. १९३२मध्ये तिच्यात आठ लिटरचे इंजिन होते. त्याच वर्षी ब्रुकलँड्सवर ती धावपट्टीबाहेर गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. अपघातानंतर तिची कूपे बांधली गेली, आणि पुष्कळ वर्षांनी परत उघडी शर्यती बॉडी चढवली गेली. १९९०मध्ये ती १ कोटी पौंडांना विकायचे ठरले. खरेदीदाराने ही ती गाडीच नव्हे असे म्हणून पैसे द्यायचे नाकारले. न्यायमूर्ती ऑटन यांनी एकेका भागाचा हिशेब घेतला. १९२९च्या गाडीतले जवळजवळ काही उरलेले नव्हते. १९३०च्या गाडीतले काही उरले होते. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. गाडी मूळ अवस्थेतली नाही, पण ती प्रतिकृतीही नाही. बदलाच्या साखळीत असा एकही क्षण आला नाही की जेव्हा ती गाडी अस्तित्वातून गेली आणि दुसरी आली. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’, असा त्याचा आशय.

या निकालाने जे केले ते मला निर्णायक वाटते: मूळपणा आणि ओळख यांची फारकत. जुना पत्रा, जुने ओतीव भाग, जुना रंग ही एक मोजता येणारी गोष्ट; सलग इतिहास ही दुसरी. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्यातही दीर्घकाळ अशीच व्यवहारी पद्धत होती: मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला जेमतेम १, एकूण ८ गुण जमले तर गाडीचा जुना नंबर टिकणार. फेरारीच्या बाजारात मात्र इंजिनावरचा क्रमांक चासीच्या नोंदीशी जुळणे हीच पहिली अट मानली जाते. एका ठिकाणी इंजिन जवळजवळ बिनमहत्त्वाचे, दुसरीकडे तेच सर्वस्व. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात, कारण एक ओळख मोजते आणि दुसरी मूळपणा. भांडण लागते ते एकीचे माप दुसरीला लावले की.

कारखान्यांचा दावा

चौथा पक्ष उशिरा मैदानात उतरला, पण त्याचा आवाज मोठा आहे. फेरारीने क्लासिक गाड्यांसाठी स्वतंत्र विभाग काढून चासी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी तपासून प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. जुनी रेखाचित्रे आणि बांधणीच्या नोंदी त्यांच्याकडेच असल्याने या प्रमाणपत्राला वजन आहे. टीकाकारांचे म्हणणे असे की जो कारखाना पैसे घेऊन दुरुस्ती करतो त्यानेच अस्सलपणाचा दाखला द्यावा हे बरे नव्हे, आणि कारखान्याचा कल गाडी मूळ नमुन्याकडे परत नेण्याकडे असतो, तिचा पुढचा इतिहास पुसला गेला तरी.

त्याहून तीव्र मतभेद नव्याने बांधलेल्या जुन्या गाड्यांवर आहेत. जॅग्वारने १९६३मध्ये हलक्या ई-टाइपसाठी १८ क्रमांक राखले होते, बांधल्या १२. उरलेल्या ६ कंपनीने २०१४पासून बांधल्या. १९५७च्या आगीत नष्ट झालेल्या ९ एक्सकेएसएस पुन्हा घडवल्या, आणि १०० पैकी न बांधलेल्या २५ डी-टाइपचेही तेच केले. बेंटलीने आपल्या मालकीची ‘ब्लोअर’ ही शर्यतसंघाची जुनी गाडी खोलून, लेझरने मोजून तिच्या १२ नव्या बहिणी काढल्या. ‘राहिलेला कोटा पूर्ण केला’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे; पण १९६३च्या क्रमांकावर २०१४ची गाडी बसवली म्हणून ती १९६३ची होत नाही, आणि कंपन्यांनीही तसा दावा उघडपणे केलेला नाही. या गाड्या प्रामाणिक आहेत, कारण त्या काय आहेत हे कागदावर लिहिलेले आहे. दुसऱ्यांनी अशा गाड्या बांधू नयेत म्हणून मात्र कारखाने कायद्याकडे जातात: २०१९मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने २५० जीटीओचे रूप ही कलाकृती असल्याचे मान्य करून प्रतिकृतींना अटकाव केला. कलाकृती म्हटल्यावर तिच्या पुनर्निर्मितीचा नैतिक अधिकार खुद्द कारखान्याला तरी कितपत उरतो, हा प्रश्न त्या निकालाने विचारला नाही.

नोंदीचा मुद्दा आणि आक्षेप

या सगळ्या भूमिकांमधून मला जो धागा दिसतो तो बाजाराच्या सर्वोच्च टोकावरच तपासून पाहू. जाहीर लिलावात सर्वाधिक किंमत मिळालेल्या दोन २५० जीटीओ पाहा. २०१८मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेलेल्या गाडीवर १९६४मध्ये दुसऱ्या मालिकेची बॉडी चढवली गेली होती. २०२३मध्ये ५ कोटी १७ लाख डॉलरना गेलेली गाडी चार लिटरच्या इंजिनासह जन्मली आणि नंतर तीन लिटरची झाली. दोन्ही बदल त्या काळातले, इटलीतले आणि नोंदवलेले. जन्मरूप हाच निकष असता तर या गाड्या मागे पडल्या असत्या. तेव्हा मोल ठरते ते बदल झाला की नाही यावर नव्हे, तर कधी झाला, कोणी केला आणि ते सिद्ध होते का यावर. नूतनीकरणवाले, जतनवाले आणि सलगतावाले यांच्यात जो समान भाग निघतो तो इथे आहे: काम करा किंवा करू नका, पण लपवू नका.

यावर पहिला आक्षेप असा की कागद हा पत्र्याहून सहज बनवता येतो. खरे आहे. कोट्यवधींच्या मालाला खोट्या बिलाचा, नव्याने ठोकलेल्या क्रमांकाचा मोह सुटणारच. पण नोंदीला महत्त्व देणे म्हणजे कागदावर आंधळा विश्वास नव्हे. वेल्डिंगची पद्धत, धातूची रचना, रंगाच्या थरांचा क्रम, अंकाच्या पंचांची ठेवण ही कागदाची उलटतपासणी आहे. आणि जुना पत्रा जपण्याचे सर्वांत भक्कम कारण माझ्या मते हेच, की पत्रा स्वतःच साक्षीदार आहे. घासून चकाकवलेली गाडी जबानी देऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. सलग इतिहासाचा निकष एकाच गाडीवर दोन दावेदार आले की कोलमडतो. चासी एकाने नेली, इंजिन दुसऱ्याने, काही भाग तिसऱ्याच्या गोदामात. दोघांनी आपापल्या अर्ध्यावर पूर्ण गाडी उभी केली, तर इतिहास कोणाचा? फेरारी ३७५ प्लसच्या एका चासीचे प्रकरण याच जातीचे. तिचे अवशेष अमेरिकेत ओहायोतून चोरीला गेले, युरोपात त्यांची पूर्ण गाडी झाली, सुटे भाग अमेरिकेतच राहिले. २०१४मध्ये गुडवुडला ती १ कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली आणि त्यानंतर मालकीवरून खटले चालले. अशा वेळी नोंद चोख असली तरी पुरत नाही. न्यायालय मालकी ठरवू शकते. ओळखीचे दोन तुकडे झाल्यावर ती कोणत्या तुकड्याबरोबर गेली, याचे सर्वमान्य उत्तर अजून निघालेले नाही.

संस्थानी गाड्या आणि आपला नियम

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर हे तीसच्या दशकातले मोठे रसिक गिऱ्हाईक. त्यांच्या अमेरिकन ड्यूसेनबर्ग चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली भगवी-काळी स्पीडस्टर आजही जगभर नावाजली जाते, पण ती भारतात नाही. संस्थाने गेल्यावर कितीतरी गाड्या कवडीमोलाने परदेशी गेल्या. निर्यातीवर सरकारी बंधने आली तोवर बरेच निघून गेले होते. जे उरले त्यातले काही वापरात आहे. कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक दसऱ्याच्या सोहळ्याला दसरा चौकात येते. तोरिनो सनदेत वापराला जे स्थान दिले आहे त्याचे हे उत्तम उदाहरण, सनद कोणी वाचलेली नसली तरी. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात २०२३च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय परीक्षकांसह मोठे प्रदर्शन झाले, म्हणजे तिकडचे निकष इकडेही लागू लागले आहेत.

कायद्याने मात्र एक कडक व्याख्या करून ठेवली आहे. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेले दुचाकी-चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते; २० हजार रुपये भरून त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो आणि रोजच्या वापराला मनाई राहते. नियम स्वागतार्ह आहे. त्याआधी अशा गाड्यांसाठी वेगळी चौकटच नव्हती. पण आयातबंदीच्या दशकांत सुटे भाग मिळत नसताना मेकॅनिकनी हाताशी आले ते बसवून गाड्या चालत्या ठेवल्या, हाही इथला इतिहासच आहे. ‘मोठा फेरबदल’ म्हणजे नेमका किती, आणि तो कोणत्या काळातला, यावर नियम मोघम आहे. ऑटन यांच्या कसोटीवर सहज अस्सल ठरणारी गाडी या व्याख्येत अडू शकते.

पुढचे पेच

विजेवरच्या रूपांतराबाबत फिवाने भूमिका घेतली आहे: इंजिन काढून मोटर आणि बॅटऱ्या बसवलेली गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही, मालकाने करायचेच तर ते परतवता येईल असे करावे आणि काढलेले सगळे भाग जपावेत. उलट बाजूचे म्हणणे असे की शहरांतले प्रदूषणाचे नियम कडक होत जातील तेव्हा रस्त्यावर दिसणारी विजेची ई-टाइप ही गोदामात पडलेल्या पेट्रोलच्या ई-टाइपपेक्षा बरी. आज अनेक ठिकाणी जुन्या गाड्यांना सवलत आहे, म्हणून हा वाद अजून तापलेला नाही.

त्याहून अवघड पेच १९८०नंतरच्या गाड्यांचा आहे, आणि त्याच आता संग्रहांत शिरत आहेत. हाताने ठोकलेला पत्रा पुन्हा ठोकता येतो, पिस्टन पुन्हा ओतता येतो. नव्वदच्या दशकातल्या मॅक्लॅरेन एफवनच्या १०६ गाड्यांची देखभाल करताना कारखान्याला त्याच काळातले कॉम्पॅक लॅपटॉप सांभाळून ठेवावे लागले होते, कारण गाडीशी बोलायची सोय त्यांच्यातच होती. इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या चिपा बाद होतात, त्यांच्यातली आज्ञावली कंपनीच्या मालकीची असते आणि ती बदलली तरी बाहेरून काहीच दिसत नाही. रंगाचा थर किंवा वेल्डिंगची रेघ जशी जबानी देते तशी इथे कोण देणार? तोरिनो सनद लिहिली गेली ती धातू, लाकूड, चामडे डोळ्यांसमोर ठेवून. आज्ञावलीच्या प्रती कोणी राखायच्या, कंपनी बंद पडली तर त्या कोणाकडे जायच्या आणि मालकाला त्या मागण्याचा हक्क आहे की नाही, यावर महासंघ, कारखाने आणि कायदे यांच्यात एकवाक्यता व्हायची आहे.